न फुललेल्या वेलीची व्यवस्था

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय छप्पन, शाळेत संस्कृत शिकवणारी आणि कोणी विचारले नसताना सगळ्यांना पत्रे लिहिणारी, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने, माझ्याच हाताने, मागच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आमचे हे मघापासून दोनदा "आटपलं का?" म्हणून डोकावून गेले, ते दडपण समजू नये. त्यांना खुर्चीखालची पाने झाडायची आहेत.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू कुठ्ठेही जात नाहीयेस. उगाच नाटकं करू नकोस." दोघांवरही माझा विश्वास आहे. पण वसंत तोंडावर आला असताना बागेची व्यवस्था लावल्याशिवाय मी कधी माहेरीसुद्धा गेलेले नाही, तर परलोकी कशी जाऊ?

कलम पहिले. घर व त्याखालची जमीन यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलीला. बँकेत जे काही आहे ते दोघांना निम्मे-निम्मे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. घर जागच्या जागी राहते, त्यामुळे त्याच्याविषयी मला कधी फारसे कुतूहल वाटले नाही.

कलम दुसरे. माझे कोश आणि व्याकरणाची पुस्तके शाळेला. दागिने मुलीला. कपाटाच्या वरच्या फळीवरची निळी शाल जाऊबाईंना द्यावी. ती त्यांचीच आहे. त्या ती विसरून गेल्या तेव्हापासून मी त्यांना आठवण करून देणार होते, पण शाल फार ऊबदार निघाली.

कलम तिसरे, हिरवळ. आमच्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याने पाठवलेली सूचना; आज सुखद वारा, आणि बघता बघता अंगण तापलेला तवा. म्हणून गवत कापण्याच्या यंत्राचे पाते नेहमीपेक्षा उंच ठेवावे. यजमानांना गवत सैनिकाच्या डोक्यासारखे आवडते. तसे कापले की मुळे उन्हात उघडी पडतात आणि ऐन उन्हाळ्यात अंगणाला टक्कल पडते, हे आम्ही दोघांनी दरवर्षी पाहिले आहे आणि दरवर्षी त्यांनी त्याचा दोष ऊन देणाऱ्याला दिला आहे. पाणी पहाटे द्यावे. वाळलेली पाने जाळू नयेत. झाडांच्या बुंध्याभोवती त्यांचा थर द्यावा, फक्त बुंध्याला चिकटवू नये. दाताळे मुलीला. ती ते वापरणार नाही हे मला ठाऊक आहे, पण मिळकतीत निदान एखादी वस्तू तरी माणसाला टोचत राहावी.

कलम चौथे, आणि याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कुंपणावरची वेल आम्ही लावलेली नाही. घर विकत घेतले तेव्हा ती होतीच. किल्ल्या हाती देताना आधीच्या मालकीणबाई मला एवढेच म्हणाल्या, "फुलली की कळवा हं."

"कसल्या रंगाची फुलं येतात?" मी विचारले.

"ते फुलल्यावर कळेलच की," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

तेव्हापासून ती वेल एकदाही फुलली नाही. बाईंचा अधूनमधून निरोप येतो, "फुलली का?" मी कळवते, "नाही." रंग त्यांनी आजवर सांगितलेला नाही आणि मीही पुन्हा विचारलेला नाही. एवढा मान दोघींना आहे.

वेल न फुलण्याचे कारण मला आत्ता, या वर्षी समजले आहे असे मला वाटते. ते पायजमा घालून अंगणात फिरत आहे. यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झाले. कुठलीही रेषा वाकडी गेली की त्यांच्या पोटात दुखते. वसंताची चाहूल लागली की ते कातरीला धार लावून आणतात, शिडी लावतात आणि वेल कुंपणाच्या मापात कापतात. वेल कोवळी पाने काढून पुन्हा उभी राहते. पुढच्या वसंतात पुन्हा कातर. जुन्या फांदीला कळी धरायची असेल, तर तिला जुने तर होऊ द्यायला हवे!

मात्र एक फांदी त्यांच्या तावडीतून सुटली. ती कुंपण ओलांडून शेजारच्या वहिनींच्या शेडच्या पत्र्यावर गेली आहे. तिथे हे एकदा चढले होते आणि पत्र्यातून गुडघ्यापर्यंत आत गेले होते. वहिनी खालून ओरडल्या होत्या, "भावोजी, पुन्हा माझ्या पत्र्यावर पाय ठेवलात तर शिडी काढून घेईन! तुम्ही वर असतानाच!" तेव्हापासून आमच्यात बोलणे कमी आणि कुंपणावरून बघणे जास्त आहे. मी त्या भांडणाला फार दिवस नावे ठेवली. आता ती मागे घेते, कारण त्या फांदीवर यंदा करड्या, लवदार, मुगाएवढ्या गाठी आल्या आहेत.

मी यांना बोलावून दाखवल्या.

"कळ्या कसल्या? किडीची घरं आहेत," हे म्हणाले.

"मग उघडेपर्यंत थांबा."

"किडीची वाट बघत बसायचं?"

"बसायचं."

अडचण अशी की वहिनी यंदा शेडचे पत्रे बदलणार आहेत, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतःहून यांना हाक मारली, "भावोजी, तेवढी फांदी काढून द्याल का?" यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो आमच्या लग्नाच्या फोटोत नाही. मी बुधवारी इस्पितळात जाणार, वहिनींचे पत्रेवाले गुरुवारी येणार. गाठी उघडायला अजून पंधरवडा तरी लागेल असा माझा अंदाज आहे.

म्हणून मी काल कुंपणापाशी जाऊन वहिनींशी बोलले.

"एका फांदीसाठी मी शेड गळकी ठेवू?" त्या म्हणाल्या.

"पाऊस लांब आहे अजून."

"आणि किडेच निघाले तर?"

"तर पहिला किडा तुमचा."

वहिनी हसल्या. मग मान उंच करून पत्र्याकडे बघत राहिल्या. "रंग कुठला असेल हो, ताई?"

तिथेच मी ओळखले की काम झाले. पत्रेवाल्यांना त्यांनी पुढची तारीख दिली आहे. त्याबद्दल माझा फिरता फवारा मी वहिनींना देत आहे. त्याचे पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते ही त्यांची जुनी तक्रार आहे. आता कुठे जायचे ते त्यांनी ठरवावे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.

वेल स्थावर की जंगम, हे वकिलांनाही सांगता आले नाही. मूळ आमच्या मातीत बसलेले, शेंडा शेजाऱ्यांकडे गेलेला. म्हणून मी ती कोणालाच देत नाही. गाठी उघडेपर्यंत तिला कोणी हात लावू नये, एवढीच व्यवस्था करते.

कलम पाचवे. मी इस्पितळात असताना ती फुलल्यास रंग मला सांगू नये. फोनवर नाही, फोटो नाही, सूचक हसणे नाही. मला घरी येऊन बघायचे आहे, आणि येण्यासाठी मला तेवढे कारण पुरेसे आहे. मी न आल्यास मालकीणबाईंना एका शब्दाचा निरोप पाठवावा: "फुलली." रंग लिहू नये, तो त्यांना ठाऊक आहे. मी आल्यास हा कागद खताच्या खड्ड्यात टाकावा, शाईसकट.

ठिकाण: मागचा व्हरांडा, जिथून पत्रा दिसतो.
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, झाडांना पाणी घालून झाल्यावर.

सही (लिहून देणार)

साक्षीदार पहिला, कोपऱ्यावरचे औषधवाले: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्या पाटीवरची शुद्धलेखनाची चूक त्यांनी याही वेळी सांगितली.

साक्षीदार दुसरा, कात्र्यांना धार लावणारे: सही माझ्यासमोर झाली. साहेबांची कातर धार लावून माझ्या दुकानात ठेवली आहे. बाईंनी सांगितल्याशिवाय द्यायची नाही असं ठरलंय.

यजमानांचा शेरा: वाचले. मान्य आहे. फक्त त्या फांदीवरची दोन पिवळी पाने काढली तर चालेल का?

लिहून देणारीचे उत्तर: नाही. मी आले की आपण दोघे मिळून काढू.