परत न मिळणारं बुकिंग

शनिवार, १८ जानेवारी २०२५

निघालो एकदाचे! सहाला म्हणत साडेसातला. वाघोलीतून बाहेर पडायलाच पाऊण तास. ते रोजचंच, लिहून शाई कशाला घालवा.

पुढे कधी ही वही उघडली तर माझीच मला गंमत वाटेल, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. मी आणि दत्तप्रसाद घटस्फोट घेतोय. परस्पर संमतीने. जुलैत अर्ज केला, सोमवारी २७ तारखेला कोर्टात शेवटची सही, की संपलं. आणि त्याआधी आम्ही दोघं मिळून सहलीला निघालोय. कारण बुकिंग मे महिन्यात करून ठेवलेलं. दोन रात्री समुद्र, तीन रात्री महाबळेश्वर. आणि पैसे परत मिळत नाहीत! मी त्याला म्हटलं तू जा, तो म्हणाला तूच जा. शेवटी दोघंही.

आई म्हणाली, "लोक हनिमूनहून आल्यावर भांडतात. तुमचं सगळंच उलटं." मी म्हटलं, फुकट कशाला घालवायचं? माहेर शनिवार पेठ. रक्तातच आहे.

ताम्हिणी घाटात दोघं गप्प. भांडण नाही. जुलैपासून आम्ही एकदाही भांडलेलो नाही. बँकेच्या रांगेत माणसं वागतात तसं वागतो — आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही.

रविवार, १९ जानेवारी

दिवेआगर. समुद्र छान आहे. याहून जास्त काही सुचत नाही, आणि सुचायला हवं असंही वाटत नाही. दोन तास सुरूच्या झाडांखाली बसले. किती दिवसांनी नुसती बसले!

दुपारी मोदक. घराच्या मालकीणबाई मंदाकिनीकाकू वाढत होत्या. दत्ता मला म्हणाला, "तुला अजून तूप हवं आहे का?" मी म्हटलं, "नको, धन्यवाद." काकू थबकल्या. "नवीन लग्न का हो?"

"सहा वर्षं झाली," दत्ता म्हणाला.

"मग एवढ्या अदबीने का बोलता?"

दोघांनीही मोदकात तोंड घातलं.

सात वाजता त्याच्या आईचा, गोदाबाईंचा फोन. रोज येतो, औशाहून, त्याच्या गावाहून. तो उठला आणि वाळूवरून चालत चालत पार ठिपक्याएवढा झाला. घरी बाल्कनीत जातो आणि दार ओढून घेतो. दोन वर्षं हेच. मला त्या दाराचा इतका राग येतो ना!

सोमवार, २० जानेवारी

निघताना काकूंनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. "पुढच्या वेळी तिघं या." सांगायला हवं होतं का, की काकू, ही ओटी आठवड्याभराची आहे? नाही सांगितलं. पदर पुढे केला. म्हणजे ओढणी.

दत्ता दारात उभा राहून सगळं बघत होता. मग गाडीत सामान भरायला गेला. पोलादपूरपासून आंबेनळी घाट तो फार सांभाळून चालवतो. मला वळणांची मळमळ होते हे त्याला माहीत आहे. मीही आलेपाकाची वडी आधीच काढून ठेवली होती, त्याच्यासाठी, त्यालाही होते. असल्या गोष्टी कुठल्या अर्जात लिहायला जागा नसते.

मंगळवार, २१ जानेवारी

आज एक गोष्ट घडली. तशी काहीच नाही घडली.

वेण्णा तलावापाशी कणीस घ्यायला थांबलो. गाडीवाल्याने नाव सांगितलं उत्तरेश्वर. दत्ताने मान वर केली, हे नाव त्याच्या गावाकडचं.

"गाव कोणतं?"

"केज."

"आरं! मी औशाचा की!"

"मग आपलेच की वो. बसा की. हितं थंडी लई हाय बगा."

आणि मग जे सुरू झालं! पाऊण तास! तूर, पाणी, कुणाच्या लग्नात कुणाची वरात कशी अडली — दत्ताचे हात हवेत, आवाज चढलेला, मोठमोठ्याने हसतोय. मी बाजूला कणीस धरून उभी. गार झालं.

हा आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नव्हता. लग्न झालं तेव्हा तो माझ्याशी असाच बोलायचा. "का करायलीस गं?" म्हणत स्वयंपाकघरात यायचा. कधी थांबला? मी त्याला कधीच म्हटलं नव्हतं की असं बोलू नकोस.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. कारण म्हटलं नव्हतं हे खरं असलं, तरी केलं काय होतं ते मला माहीत आहे.

बुधवार, २२ जानेवारी

लिहायचं नाही म्हणून दिवसभर लिहिलं नाही. लिहिते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. माझ्या ऑफिसमधले सहाजण घरी फराळाला. गोदाबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्या आतून म्हणाल्या, "मी चा करायले, तुमी बसा की निवांत." त्या आत वळल्या आणि मी त्यांच्या हेलात तेच वाक्य म्हणून दाखवलं. अगदी डोक्यावर पदर घेण्यासकट. सगळे खो खो हसले. मला नकला फार छान येतात, शाळेत बक्षीस होतं. वळून पाहिलं तर त्या कपांचा ट्रे घेऊन दारातच.

त्याही हसल्या. दत्ताही हसला. म्हणजे कोणाला लागलं नाही, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या सकाळी त्या औशाला गेल्या. आठ दिवस राहणार होत्या. परत आल्या नाहीत. माझं नाव नम्रता ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला.

अर्जात कारण लिहिलंय — स्वभावातील मतभेद.

गुरुवार, २३ जानेवारी

परत. पसरणीचा घाट, वाई, पुणं. उद्याची सुट्टी शिल्लक आहे. दत्ता म्हणाला, "अकरा वर्षं पुण्यात आहे, खराडी आणि वाघोली सोडून काही पाहिलं नाही. दाखवशील?"

हरकत नाही म्हटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी ओंकारेश्वर, नदीचा घाट, मग शनिवार पेठेत माझी शाळा, माझं पहिलं दप्तर घेतलं ती गल्ली. दत्ता सगळं मन लावून ऐकत होता. मजेत होते मी. खरंच.

एका दुकानाशी तो थांबला. पितळेचे डबे, समया. त्याला एक छोटा अडकित्ता आवडला, आईसाठी. परवाच्या केजकरामुळे असेल, किंवा उन्हामुळे, जीभ सैल सुटली. "हे असं चकचकीत रोज ऱ्हायलंय का काळं पडायलंय?"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "पडायलंय. घासायलात तर ऱ्हायलंय."

दोन गिऱ्हाइकं हसली. आणि दत्ताही हसला! तेच हसू — मान थोडी खाली, डोळे दुसरीकडे. मी ते आधी पाहिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "काका, गिऱ्हाइकाने विचारलंय त्याचं उत्तर द्या, नक्कल कशाला करता?" ते म्हणाले, "अहो बाई, गंमत केली." मी म्हटलं, "गंमत त्यांना विचारून करा." अडकित्ता न घेता बाहेर आलो.

फुटपाथवर आल्यावर मी विचारलं, "त्या दिवशीही तू असाच हसला होतास?"

कुठला दिवस ते त्याने विचारलं नाही. "आईही हसली होती," तो म्हणाला, त्याच्या त्या स्वच्छ, धुतलेल्या मराठीत. "मग स्वयंपाकघरात मला विचारलं, मी काही वंगाळ बोलले का रे दत्तू?"

मी तिथेच रडले. दिवसाढवळ्या, ओळखीच्या गल्लीत! मधूनच "सॉरी" म्हणाले. तो म्हणाला, "मला कशाला?" रागाने नाही. साधंच म्हणाला. मग मला रस्ता ओलांडून दिला.

शनिवार, २५ जानेवारी

वाघोली. त्याने कपाटातली त्याची पुस्तकं खोक्यात भरली. मी चहा केला. त्याने धन्यवाद म्हटलं.

रविवार, २६ जानेवारी

वकीलबाईंचा मेसेज: उद्या साडेदहा, मूळ आधार कार्ड, दोन फोटो, वेळेवर या. मी ठीक आहे म्हणून कळवलं.

दुपारी बॅग भरली. दत्ताला वाटलं असेल माहेरी चालले, कोर्ट तिथून जवळ. त्याने बॅग खाली आणून दिली.

सोमवार, २७ जानेवारी. औसा.

दार गोदाबाईंनीच उघडलं. माझ्या मागे पाहिलं. "येकटीच?"

उंबऱ्याबाहेरूनच बोलले, आत गेल्यावर धीर सुटला असता. "आई, मी तुमची नक्कल केली होती. वाईट वागले. माफी मागायला आले."

"दोन वर्सं लागली व्हय गं तुला?" म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.

पावणेअकराला फोन वाजला. "वकीलबाई विचारतायत. कुठे आहेस तू?"

"औशाला. आईंसमोर बसलेय. माफी मागितली."

पलीकडे कोर्टाच्या आवारातला गलका. मग दत्ता म्हणाला, "तितंच थांब. मी निगायलो."