तीनशेपर्यंत स्पीड

३ जानेवारी, शुक्रवार
नवीन रजिस्टर आणलं. दोनशे पानी, लांबट, खात्यात असायचं तसंच. वजनमापे खात्यातून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण उभ्या रेघा मारताना हात अजून हलत नाही.

कारण असं. सुमेधाचा मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग २५ तारखेला सुरू होतोय. शाळेतून रिटायर झाल्यापासून ती मोडी शिकत होती, आता शिकवणार. बारा विद्यार्थी. एक नागपूरचा, एक थेट नैरोबीची. काल मोबाइलच्या नेटवर मैत्रीण हेमांगीला व्हिडिओ कॉलवर घेऊन तालीम केली, तर 'क' काढायला उचललेला सुमेधाचा हात तिच्या स्क्रीनवर तीन मिनिटं तसाच. फार घाबरली. पहिल्याच दिवशी असं झालं तर परत कोण येणार म्हणते.

घरात इंटरनेट आणायची जबाबदारी मी घेतली. तिने दिली नव्हती. डोंबिवलीतलं सर्वांत फास्ट कनेक्शन आणणार. आठवड्याचं काम.

५ जानेवारी, रविवार
पाच कंपन्यांची पत्रकं जमवली. सगळ्यांवर एकच शब्द: पर्यंत. स्पीड शंभरपर्यंत, स्पीड तीनशेपर्यंत. उद्या वाण्याने किलोपर्यंत साखर म्हणून पुडी बांधली तर? पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस मी. हे लोक माझ्यापुढे किती टिकणार.

७ जानेवारी, मंगळवार
सकाळी ११. हवेतून येणाऱ्या इंटरनेटचा माणूस आलेला. गच्चीत डबा लावायचा, तार नको, खोदकाम नको. हवेतून येणारा माल मोजायचा कुठे, असं विचारलं. तो हसला. हसणाऱ्या विक्रेत्याचं माप हमखास कमी असतं. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी विश्रामराव गच्चीत पापडांखेरीज काही ठेवू देत नाहीत. नाकारलं.

दुपारी. जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं. नाकारलं. ती तार लागली तेव्हा मी स्वतः खाली उभा होतो, तेव्हाच ती जुनी दिसत होती.

९ जानेवारी, गुरुवार
समोरच्या सरोजवहिनी म्हणाल्या की भाऊजी, आमचा तीन वर्षं चाळीस स्पीडचा साधा प्लॅन आहे, कधी त्रास नाही, घ्या की तोच. तीन वर्षांत एकही तक्रार नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांनी कधी मोजलंय का? नाही. मग त्रास कळणार कसा.

सुमेधाला मात्र ते पटलेलं दिसलं. मी तिला समजावलं की मोडीसारख्या वळणदार अक्षरांना चाळीस पुरणार नाही.

१२ जानेवारी, रविवार
शेवटी फायबर. वायरच्या आत उजेड धावतो म्हणे. केबलवाला तानाजी आलेला. खडवलीहून रोज येतो, गेली पंधरा वर्षं अर्ध्या डोंबिवलीच्या तारा त्याच्या हातात. काका, टेन्शन नाय घ्यायचं, पंधरा दिवस ट्रायल घ्या, तीनशेचा स्पीड बघा, मग ठरवा, म्हणाला.

वायर अठ्ठावीस मीटर लागेल म्हणाला होता. टेप लावून पाहिली, सव्वीस भरली. पकडलं. तो म्हणाला दोन मीटर वळणात गेली. वळणात. हे उत्तर मी भिवंडीच्या कापडवाल्यांकडून खूप ऐकलंय. मी स्टुलावर चढून वळणं मोजत होतो तेव्हा तो खालून लिमिटचं काहीतरी सांगत होता. ट्रायलचे नियम व्हॉट्सअॅपवर टाकलेत, वाचा म्हणाला. वाचतो सवडीने. आधी वळणं.

१५ जानेवारी, बुधवार
ट्रायल सुरू. फोनवर स्पीड मोजायचं अॅप टाकलं. सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला टेस्ट. रजिस्टरात वेळ, आकडा, शेरा.
सहा वाजता २८७. सात वाजता २९१. आठ वाजता २७९. तीनशे एकदाही नाही. शेरा: संशयास्पद.

सुमेधाने विचारलं की अहो, मी एकदा जोडून बघू का, धडा दाखवायची सवय होईल. नको म्हटलं. तपासणी चालू असताना नमुन्याला हात लावायचा नसतो. अजून दहा दिवस आहेत.

१८ जानेवारी, शनिवार
संध्याकाळी सातला रोज घसरतं. काल २६४. म्हणजे संध्याकाळी आमचा माल दुसरीकडे वळवतात. तासाच्या ठोक्याला टेस्ट होते हे त्यांच्या लक्षात आलं असणार. आजपासून मधेमधे अचानक तपासणी. जेवताना दोनदा घेतली. सुमेधा म्हणाली आमटी गार होतेय. आमटीचं ठीक आहे, ती गरम करता येते.

२२ जानेवारी, बुधवार
घरी हळदीकुंकू. वीस बायका. वाण म्हणून सुमेधाने बोरूच्या लेखण्या दिल्या, तिला दुसरं काही सुचतच नाही सध्या. त्यात माझ्या डोळ्यांदेखत सरोजवहिनींनी आमच्या नव्या वायफायचा पासवर्ड विचारला आणि सुमेधाने सांगितला. वीस फोन. पाच वाजता २११.

बायका गेल्यावर पासवर्ड बदलला. सुमेधाने नवा मागितला. वर्गाच्या दिवशी देईन म्हटलं. तिळाच्या वड्यांचा डबा लगेच माझ्या हाताला येणार नाही अशा फळीवर गेला.

२५ जानेवारी, शनिवार
सकाळी ७. आज वर्ग. सुमेधाने कलाबतूच्या काठाची साडी काढून ठेवलीये. कालच्या रात्रीत दोनदा उठून धडा पाहिला तिने. मी म्हटलं, निर्धास्त राहा, कनेक्शन माझ्या हातात आहे.

संध्याकाळी ६.५५. खात्रीसाठी दुपारपासून जास्तीच्या टेस्ट. सगळ्या उत्तम. लॅपटॉप जोडून दिला. ७ला वर्ग. ७लाच एक टेस्ट घेतो, सातची घसरण रंगेहाथ सापडेल.

७.०४. स्पीड १. एक. तीनशेचा एक. सापडले चोर.

७.१०. सुमेधाचं चित्र गोठलं. नैरोबीची मुलगी मॅडम, मॅडम करत होती, मग तीही गेली. सुमेधाचा चेहरा मला बघवेना. मी तिला रजिस्टर दाखवलं, की बघ, पुरावा आहे. तिने लॅपटॉप मिटून काखेत घेतला, बोरू उचलला आणि पदर खोचून समोर सरोजवहिनींकडे गेली.

८.१५. मी जिन्यात उभा आहे. आत मोडीचा 'क' चालू आहे. कुणीतरी शंका विचारली, ती हसली, परत समजावलं. चांगलं शिकवते. मला माहीत नव्हतं. आत जावं असं फार वाटलं, पण सरोजवहिनींच्या चाळीसवर अजून एक माणूस नको.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन झाल्या झाल्या रजिस्टर घेऊन तानाजीच्या दुकानात. लेखी तक्रार तयार होती, तीन प्रती. त्याने चहा सांगितला आणि कॉम्प्युटरवर आमचं खातं उघडलं. काका, ट्रायल शंभर जीबीची, मी तेव्हाच बोललेलो, तुम्ही स्टुलावर होतात. शंभर संपले की स्पीड एकवर येतो.

मी म्हटलं, शंभर कुणी संपवले? आमच्या घरात कुणीही काही पाहिलेलं नाही. हळदीकुंकवाच्या बायकांची चौकशी करावी लागेल.

त्याने माझं रजिस्टर मागितलं. नोंदी मोजल्या. दोनशे एकतीस. एका टेस्टला साधारण किती जातं ते कॅलक्युलेटरवर घातलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सत्त्याण्णव जीबी. बायकांनी खाल्ले तीन. शेवटचा थेंब सात वाजताच्या टेस्टने.

एकतीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या वह्यांवरून दुसऱ्यांना पकडलं. चहा गोड होता, अर्धा तसाच ठेवला. तानाजी म्हणाला, होतं काका, होतं. माझं म्हणणं, मोजणं हासुद्धा वापरच असतो, हे कंपनीने आधी ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. हा मुद्दा सांगायचा राहिला.

२८ जानेवारी, मंगळवार
सुमेधाने स्वतःच्या नावावर कनेक्शन घेतलं. चाळीसचं, सरोजवहिनींचं तेच. मला न विचारता. पासवर्ड मागितला तर तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली. मोडीत. मराठी शब्द आहेत, वाचा आणि इंग्रजी अक्षरांत टाका, म्हणाली. रागावली आहे का, तेही कळत नाही.

इंटरनेटवर मोडीची अक्षरं शोधून काढणार होतो. मोबाइलचा डेटा संपलाय. कशाने, ते लिहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
तिच्याकडे पहिला धडा घेतला, डायनिंग टेबलावर. तेरावा विद्यार्थी. लिपीबद्दल गंभीर आक्षेप: शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाला एकच खूण, आणि सगळं एकमेकांत ओवलेलं. अशी पावती माझ्यासमोर आली असती तर चालू दिली नसती. सुमेधाने 'क' चाळीस वेळा काढायला लावला. एकोणचाळीस काढले. तिने मोजले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
संध्याकाळी ७.२०. आत तिचा वर्ग चालू. बाहेर मी फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलोय. लागली. एकेक अक्षर वेगळं करून लागली चिठ्ठी: आतामोजूनका.

दोनदा वाचली. अकरा दिवस आकडे लिहिले मी, आणि ती विचारत होती फक्त एकदा जोडून बघू का म्हणून. चूक झाली. आयुष्यात यापुढे काही मोजायचं नाही. रजिस्टर रद्दीत.

७.२५. पासवर्ड टाकला. जोडलं गेलं.

७.५०. वर्ग साडेआठला सुटतो. त्याआधी हातही लावणार नाही, तेवढं मला आता समजतं. साडेआठनंतर एक टेस्ट. नोंदीपुरती. रद्दी अजून खाली नेलेली नाही.

८.३१. ३८. चाळीसला दोन कमी. आत जाऊन सुमेधाला सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ७. फोन जोडला जात नाही. फ्रिजवर नवी चिठ्ठी आहे. या वेळी तीन ओळी आहेत.