ज्येष्ठमधाची पुडी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गच्चीवरचा पुदिना फोफावलाय, ओव्याला मोठी कुंडी केली. तुझ्या पिल्लूच्या खोकल्याचं कळल्यापासून बाबांच्या अंगात दहा वैद्य संचारलेत. सोबतची पुडी ज्येष्ठमधाची आहे. त्यांनी स्वतः कुटून वस्त्रगाळ केली.

ती पिल्लूला देऊ नकोस.

बरणीतली मुळं बुरसली होती. बाबांनी बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! अस्सल." मग माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हटलं.

मागच्या तापापासून त्यांना वास येत नाही. नजरही अधू, त्यामुळे बुरशी दिसत नाही. यातलं ते काहीच बोलत नाहीत. पान चुरडतात, हुंगतात, मग माझ्या नाकाखाली धरतात. "ओळख बघू!" मला वाटायचं, शिकवताहेत. या वयात आपल्याला शिष्या केलं म्हणून मी खूशही होते. एकदा मी मुद्दाम गप्प राहिले, तर ते पान तसंच धरून उभे राहिले. बराच वेळ.

बाबा सगळ्या शेजाऱ्यांना काढे वाटतात, म्हणून ते घेऊ नका असं मी खालच्या शिंपीणबाईंना बजावायला गेले. त्या हसल्या. "अगं, माझ्याही नाकाखाली पानं धरतात की! आम्ही काढा घेतो नि मोरीत ओततो. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं?"

नव्या वॉचमनला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो काढा प्यायला आणि सकाळपर्यंत ओकत होता. बाबा चौकशीला गेले तेव्हा भिंतीला धरून उभा राहिला. "गुण आला, आजोबा! पोट अगदी झाडून निघालं." त्याच आनंदात बाबांनी तुझी पुडी बांधायला घेतली.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. पिल्लूला गरम पाण्याची वाफ देताना जवळ बसा, भांडं कलंडतं.

रविवारी बाबा फोन करतील. गुण आला का, विचारतील. तू खरं सांग: पुडीला बुरशीचा वास होता, फेकून दिली. चिडतील. "तू कधीपासून वैद्य झालास?" म्हणतील. मग गप्प होतील. तेव्हा फोन ठेवू नकोस. मी शेजारीच बसलेली असेन.

मला हे तोंडावर सांगता आलं नाही. तुझं ऐकतील, असंही नाही. पण फोनवर त्यांना तुझा चेहरा दिसणार नाही, आणि त्यांचा तुला.

तुझी,
इथे राहणारी ताई