तहानलेल्या कुंड्या आणि माझा गुणाचा हात

३ फेब्रुवारी १९९४
नात हरिता गच्चीवर भातरोपांच्या कुंड्या मांडून बसली आहे. काहींना पाणी, काहींना मुद्दाम तहान. कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणे. कावेरीचं पाणी पिऊन वाढली आणि भाताला तहानेनं मारते. पापनाशमच्या सुरेंद्रचं स्थळ काढलं, तर म्हणते, प्रोजेक्ट जमलं की बेंगळूरला पुढे शिकणार. म्हणजे प्रोजेक्ट बुडालं पाहिजे. बघते.

६ फेब्रुवारी
तहानलेलं रोप करतं काय, विचारलं. म्हणाली, पानात हिरवे दाणे असतात, तहान लागली की तिथून हार्मोन तयार व्हायला लागतो. तो पानाची बारीक तोंडं मिटवतो, मग पाणी उडून जात नाही. मी म्हटलं, थोडा तुझ्या आईला पाज. सून कमलाक्षीनं आत भांडं आपटलं.

७ फेब्रुवारी, पहाटे
सुचलं. गुपचूप पाणी पाजायचं. तहान नाही तर हार्मोन कुठला? कॉलेजचे सर हाकलून देतील. नळाचं पाणी कशाला दवडू? रात्री पाण्यात घातलेला भात सकाळी ताकमीठ कालवून आम्ही खातो. खाली उरतं ते अन्नाचं पाणी, मोरीत ओतू नये. परसातल्या केळीला तेच घालत होते. केळ मेली, ती सुनेच्या नजरेनं.

१५ फेब्रुवारी
जिन्याजवळच्या रांगेलाच घालते, पलीकडे गुडघे जात नाहीत. रोपांनी माना टाकल्या. हट्टी, हरितासारखी. उद्यापासून दोन तांबे.

२२ फेब्रुवारी
पानांची टोकं करपली. जुनं झडून नवं येणार. माझा हात गुणाचा. मुलगा रघुरामनं विचारलं, आई, सारखी गच्चीवर कशाला? म्हटलं, सूर्याला अर्घ्य. केबलवरची नजर न काढता बरं म्हणाला. सुरेंद्रच्या आईला निरोप धाडला, वैशाखातला मुहूर्त बघा.

१ मार्च
हरितानं त्या कुंडीतली माती जिभेवर ठेवली. माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. मग तिनं वहीत काहीतरी लिहिलं. हरली.

१९ मार्च
सर घरी आले. मी मुद्दाम चांगलं लुगडं नेसले. करपलेली रांग बघून माणूस खुलला. म्हणाले, नुसती तहान सगळेच दाखवतात, हिनं शेजारी मिठाची रांग ठेवली. मिठाच्या रांगेच्या पानांत हार्मोन तहानलेल्यांहून जास्त निघाला. बेंगळूरला शिफारस करतो. हरिता म्हणाली, मीठ आज्जीनं घातलं, एक दिवस चुकवला नाही. सरांनी मला हात जोडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलींच्या कुंड्यांना घालाल का, पाट्टी, असं तमिळीत आज्जी म्हणून विचारलं.

पापनाशमला दुसरा निरोप धाडायचा.
केळ कशानं मेली, हे कमलाक्षीला कळू द्यायचं नाही.