मामानं धाडलेला मासा

माय, गेल्या आठवड्यात एक पोरगी मला शोधत शाळेत आली. नदीतल्या पाणमांजरांचा अभ्यास करते म्हणे. मी उमरीकडच्या गोदाकाठची, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मोबाइलवर तिनं फोटो दाखवला. ओल्या मिशा, चपटं डोकं, खडकावर ऐसपैस बसलेलं. "मॅडम, तुमच्या गावात ह्याला काय म्हणायचे?" मी म्हणाले, पाणमांजर. मग ती सांगतच सुटली, की ह्याचं जुनं नाव ऊद, ते संस्कृतातल्या 'उद्र'वरून आलं, म्हणजे पाण्यातला प्राणी. आणि नदी तेलंगणात शिरली की तेच नीटिकुक्क होतं, पाण्यातलं कुत्रं. एकाच नदीत वर मांजर आणि खाली कुत्रं, ह्याचं तिला भारी कौतुक. मलाही हसू आलं. तू ठेवलेलं नाव मात्र मी सांगितलं नाही. ती देऊन गेली त्या फॉर्मवर स्थानिक नावाची जागा अजून कोरी आहे, आणि त्याच फॉर्मच्या मागं हे लिहीत बसलेय.

तू त्याला माझा मामा म्हणायचीस. तुला भाऊ नव्हता. सकाळी धुणं घेऊन नदीवर गेलीस की कधीमधी काळ्या खडकावर डोकं खाल्लेला मरळ मासा पडलेला असायचा. पोट भरलं की पाणमांजरं तो टाकून जायची. चावलेला भाग तू विळीवर कापून टाकायचीस आणि उरलेल्याचं झणझणीत कालवण करायचीस. आपल्या घरात तेवढंच काय ते चांगलंचुंगलं. "कुठून आणलंस ग माय?" मी चुलीपाशी बसून विचारते, आणि तू भाकरी थापत म्हणतेस, "तुज्या मामानं धाडलंय." भाऊबीजेला बिनभावाच्या बाया चंद्राला ओवाळायच्या. तू ताट घेऊन नदीकडं तोंड करायचीस. शेजारीण हसली तर म्हणालीस, "चांद लई लांब हाय बाई. ह्यो निदान लेकराला खाऊ घालतो."

चौथीत गुरुजींनी पाण्यातले प्राणी विचारले. मी उभी राहून म्हणाले, मासा, कासव, मामा. वर्ग खो-खो हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "त्याचं उष्टं खातेत ह्ये, गुर्जी!" त्या दिवसापासून तुझं कालवण माझ्या घशाखाली उतरेना. त्याच उन्हाळ्यात लोखंडी सापळे घेऊन दोन परके लोक आले आणि हापशीवर त्यांनी मला विचारलं, पाणमांजराची बिळं कुठं आहेत. मला कुणी आमिष दाखवलं नाही, दम दिला नाही. मीच पुढं चालत गेले आणि जांभळीच्या मुळांखालचं बीळ बोटानं दाखवलं. उष्टं यायचं बंद होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी चार कातडी बाभळीवर वाळत होती. तू धुण्याचं गाठोडं न सोडताच परत आलीस. "कुनी दावलं ग?" तू विचारलंस. "मला न्हाई म्हाईत." तू माझ्याकडं पाहिलंस, जरा जास्तच वेळ, आणि तव्यावरची भाकरी उलटवलीस. त्या भाऊबीजेला ताट निघालं नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "म्हायेर सरलं माजं." तुला कळलं होतं का ग? नांदेडच्या दवाखान्यात शेवटचे आठ दिवस तुला पेज भरवताना हजारदा ओठांवर आलं, आणि दर वेळी मी चमचा पुढं केला.

ती पोरगी म्हणाली, आपल्या गावच्या बंधाऱ्याखाली पाणमांजरांच्या पावलांचे ठसे सापडलेत. जुनी बिळं दाखवायला याल का, कॅमेरा लावायचाय, त्यांना राखायचंय. सरळ मनाची आहे ती, पण मी गुडघेदुखीचं सोंग केलं. मला माझ्या बोटाचीच भीती वाटते. काल रविवारी मात्र नदीवर एकटीच गेले. जांभूळ कधीच पुरात वाहून गेलंय, खडक तेवढा आहे. आणि खडकावर मरळ होता, डोकं नसलेला, ताजा. माय, मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. मग कुणी बघत नाही ना हे पाहून तो पिशवीत घातला, घरी आणला, तुझ्यासारखाच कापला. घास घशाखाली उतरला. शेजारी बसलेली माझी पाच वर्षांची नात बोटं चाटत म्हणाली, "आजी, मासा कुठून आणलास?"

मामानं धाडला, हे शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात सुनेनं ताटावरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"बाजारातून," मी म्हणाले.