न प्यायलेल्या कॉफीची हकिकत

हैफा, २१ जानेवारी

प्रिय विदादताई,

आधी तुझ्या हाताचा मुका घेते, मग दोन्ही गालांचे, आणि मग गुडघ्यांची चौकशी करते. मलम संपलं असेल तर कळव. युसूफभाऊजींची साखर आटोक्यात आहे असं तू लिहितेस, पण नाताळच्या फोटोत त्यांच्या बशीत खजूर भरलेले तीन मामूल मला स्पष्ट दिसले (चष्मा लावून मोजले). मी बरी आहे. हे पत्र फादर बुत्रोस परवा तुमच्याकडे निघालेत त्यांच्या हाती देते आहे. फोनवर का सांगितलं नाहीस असं विचारू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे आपलं लहानपणापासून ठरलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर तू करतेस तरी काय, असं तू मागे विचारलं होतंस. मी दर मंगळवारी केंद्रावर जाते आणि ज्यू व अरब मुलांनी एकमेकांना समजून घ्यावं यासाठी प्रयत्न करते. (मंगळवारच का? शुक्रवार मुसलमान मुलांचा, शनिवार ज्यू मुलांचा, रविवार आपल्या ख्रिस्ती मुलांचा. सोमवारी त्या खोलीत ज्यूडोचा वर्ग असतो, बुधवारी सगळ्यांची गणिताची शिकवणी आणि गुरुवारी कुणालाच कुणाला समजून घ्यायचं नसतं.) माझ्या जोडीला त्सिला आहे. ती किबुत्झच्या सामुदायिक शेतवाडीत वाढलेली, देवाशी तिचा संबंध फक्त सुट्ट्यांपुरता. आमचा संचालक नदाव, वय चौतीस, अविवाहित, जानेवारीतही सँडल घालतो. युद्धात वर्ग वर्षभर बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा चोवीस मुलांतली अठरा परत आली, नऊ त्यांची आणि नऊ आपली. त्या नवांतल्या चार मुली आपल्या गावच्या आहेत, आणि त्यांतली एक आपल्या धाकट्या भावाची, नायेफची, मिरना.

पहिल्या दिवशी नदाव लोकरीचा गुंडा आणतो. मुलांनी गोल बसायचं, स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं आणि गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. शेवटी सगळे एका जाळ्यात गुंफलेले दिसतात, मग नदाव त्या जाळ्याबद्दल बोलतो. हे चालू असताना ज्यू मुलांतली, किर्यात अताची एक मुलगी, अवितल अमसालेम, शेजारी बसलेल्या मिरनाला म्हणाली की माझी आजी जिवंत असती तर एवढ्या लोकरीत एक बनियन केलं असतं. मिरना हसली. तेव्हापासून दोघी एकत्र आहेत. आमचे सगळे खेळ किती बावळट आहेत या एका मुद्द्यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं, आणि माझा चार वर्षांचा अनुभव सांगतो की समजूत वाढते ती अशीच. (अहवालात मी लोकरीबद्दल चांगलंच लिहिते.)

फेब्रुवारीत शिबिर आहे. नेगेवच्या वाळवंटात, पाच दिवस, चार रात्री. नायेफने नाही म्हटलं. मुलगी चार रात्री घराबाहेर झोपणार हे एक कारण, आणि सहलीबरोबर नियमाप्रमाणे बंदूकवाला रखवालदार असतो हे दुसरं. तरी घरात नाही म्हणाला असता तर मी त्याला वळवलं असतं, मी त्याचं नाक पुसलेलं आहे. पण नाताळच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात, चाळीस माणसांसमोर, हात वर करून तो नाही म्हणाला. लगेच उरलेल्या तीन बापांनीही नाही म्हटलं. चार मुली गेल्या नाहीत तर आपल्याकडची पाच मुलं उरतात, पाचांवर शिबिर होत नाही, आणि शिबिर झालं नाही तर वर्गही गुंडाळायचा असं वरून पत्र आलं होतं. मिरनाने बापाशी बोलणं सोडलं. जेवताना मीठ हवं असेल तर आईला सांगायची की त्यांना मीठ सरकवायला सांग. ताई, नायेफ वाळला गं. बाबा गेले तेव्हा दिसत होता तसा दिसायला लागला.

मग अवितलचे आजोबा म्हणाले, मी जाऊन बोलतो. हनानिया अमसालेम, वय एक्याऐंशी, जन्म मेकनेसचा, अठ्ठावीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस. त्यांची अरबी मोरोक्कोची. ते सावकाश बोलले तर आपल्याला समजतं, आणि ते सगळंच सावकाश करतात. मी नायेफला एवढंच कळवलं की केंद्राची मंडळी मंगळवारी चारला भेटायला येतील. शिबिराचं नाव काढलं असतं तर त्याने फाटकाला कुलूप घातलं असतं.

चूक तिथेच झाली. तूच डोळ्यांसमोर आण. गाडीतून आधी उतरले काळ्या सुटातले, टोपी घातलेले वयस्क गृहस्थ, हातात रिबिनीचा खजुराचा डबा. मागून दोन पोक्त बायका. आणि मग इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट, पाणी लावून बसवलेले केस असा नदाव (त्सिलाने दम दिला होता, माणसासारखा ये म्हणून). गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. नायेफने मंडळी येणार म्हणून तौफिककाकांना आणून मधल्या खुर्चीवर बसवलंच होतं. नायेफच्या बायकोने, हियामने, मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"ओदेत, ती सोळा वर्षांची आहे. आणि तो ज्यू आहे."

मी म्हटलं, अगं, तो आमचा संचालक.

"मग? संचालक लग्न करत नाहीत होय?"

मी बाहेर येईपर्यंत कडू कॉफी फिरली होती. हनानियांनी कप घेतला, नायेफकडे मान लववली, आणि कप तसाच समोरच्या तिवईवर ठेवला. तुला मागणी घालायला आलेल्या युसूफभाऊजींच्या काकांनी ठेवला होता अगदी तसा. बाबांनी "कॉफी प्या, तुमचं काम झालं" म्हणेपर्यंत त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं, आणि आपण दोघी दाराआड, तू माझा हात इतका आवळलेला की दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टर क्लोतिल्दने विचारलं होतं, लेखणी का धरता येत नाही. हनानियांनी कप खाली ठेवला हे पाहून त्सिलानेही ठेवला. नदावचा कप ओठांना लागलेला होता. त्याने तोही खाली ठेवला, आणि तोंडातली कॉफी बराच वेळ तोंडातच धरली. तौफिककाकांच्या हातातली माळ थांबली.

नायेफ पांढरा पडला. तरी रीतीने म्हणाला, पाहुण्यांनी कॉफी घ्यावी.

"घेईन," हनानिया म्हणाले. "आधी एक मागणं आहे. तुमच्या मिरनाबद्दल."

आणि त्यांना खोकला आला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा खोकला, चांगला दोन मिनिटांचा. पाणी पुढे केलं तर हातानेच नको म्हणाले. तेवढ्या वेळात हियामने तीनदा छातीवर क्रूस काढला आणि नायेफने नदावला बुटांपासून केसांपर्यंत एकदा आणि केसांपासून बुटांपर्यंत एकदा पाहिलं. नदाव स्नेहाने हसला. अशा प्रसंगी हसावं असं त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे.

"माझी नात तिच्याशिवाय शिबिराला जात नाही म्हणते," खोकला थांबल्यावर हनानिया म्हणाले. "पाठवा तिला. मी बरोबर जातो. मुलींच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसेन. बंदुकीशी काही बोलायचं झालं तर मी बोलेन."

"एवढंच?" नायेफ म्हणाला.

"एवढंच."

"मग कॉफी प्या. तुमचं काम झालं."

इतकं हायसं वाटलेला माणूस मी दवाखान्याबाहेर पाहिलाय, दुसरीकडे नाही. पण हनानियांनी कप उचलला नाही. छातीवर हात ठेवून म्हणाले, माफ करा, आज आमचा उपवास आहे. तारे दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही.

यावर तौफिककाका जागे झाले. कप उपवासामुळे खाली ठेवला की मागण्यामुळे, हे आधी ठरवा, म्हणाले. उपवासामुळे असेल तर मागणं झालंच नाही, आणि मागणं झालं नसेल तर होकार कशाला दिला? बराच खल झाला. शेवटी काकांनी निर्णय दिला की शब्द गेला तो गेला, पण शिक्का कॉफी प्यायल्यावरच. थांबू.

आम्ही दीड तास थांबलो. लग्न टळल्याच्या आनंदात हियामने घरात होतं नव्हतं ते सगळं मांडलं: खिम्याचे कुब्बे, द्राक्षाच्या पानांचे रोल, पाकातल्या गरम गोळ्या. त्सिला आणि नदाव ओढून जेवले. हनानिया हात मांडीवर ठेवून त्या पाकातल्या गोळ्यांकडे बघत बसले. मिरना दारात उभी होती, कपावरून नजर न काढता. अंधार पडला तेव्हा आभाळ भरलेलं. काका अंगणात जाऊन तारे शोधून परत आले, एकही नाही म्हणाले. शेवटी त्सिलाने मोबाईलवर वेळ काढली, हनानिया काहीतरी पुटपुटले आणि थंडगार, तवंग धरलेली ती कॉफी एका घोटात प्यायले. मिरना म्हणाली, "बाबा, ती गरम करून तरी द्यायचीत." पंधरा दिवसांतलं ते तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं. नायेफ उठून खिडकी लावायला गेला. खिडकी लावलेलीच होती.

तर ही अशी हकिकत. बाकी सगळं ठीक. थंडीत पाय उघडे ठेवू नकोस, भाऊजींना माझा सलाम, मुलांना मुके.

तुझी धाकटी,
ओदेत

ता. क. एक विनंती राहिली. नायेफ येत्या रविवारी चर्चमधून आल्यावर तुला फोन करणार आहे. चुकून दिलेला शब्द पाळावा लागतो का, बाबांनी काय केलं असतं, असं तो विचारेल. त्याला सांग, बाबांनी पाळला असता. उरलेले तीन बाप तू काय म्हणतेस यावर थांबले आहेत.

दुसरा ता. क. मनाला लागून राहिलंय म्हणून लिहिते. जाताना गाडीत मी हनानियांना आपल्याकडे न उचललेल्या कपाचा अर्थ काय ते सांगितलं होतं. तुझ्या लग्नाची आठवण म्हणून सांगितलं, तुम्ही तसं करा असं म्हटलं नाही. सिस्टर क्लोतिल्द असत्या तर त्यांनी हे खोटं धरलं असतं का, तुला काय वाटतं?

तिसरा ता. क. त्सिलाने आज पंचांग काढून पाहिलं. उपवास मंगळवारी नव्हताच, त्याच्या चार दिवस आधी शुक्रवारी होता. मी हनानियांना फोन केला. ते म्हणाले, नायेफने नाही म्हटलं असतं तर कुणाचाच अपमान व्हायला नको होता. उपवासाला कुणी दोष देत नाही. मग म्हणाले, त्या गोळ्यांमध्ये गुलाबपाणी होतं का?

चौथा ता. क. पाकीट चिकटवणार तोच नायेफ आला, हनानियांसाठी हियामने केलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन. न राहवून मी त्याला उपवासाचं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ओदेत, मी तीस वर्षं कार्मिएलच्या ज्यू लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोय. त्यांचा उपवास कधी असतो ते मला कळत नाही?" मी विचारलं, मग गप्प का बसलास? डबा टेबलावर ठेवत तो म्हणाला, "चाळीस माणसांसमोर नाही म्हटलं होतं. ते मागे घ्यायचं तर कुणीतरी येऊन कप खाली ठेवायला नको होता?" तेव्हा ताई, त्याला सगळं ठाऊक आहे. फोन तरीही येईल, आणि तो मोबाईलचा आवाज मोठा करून अंगणात उभा असेल, शेजारी ते तीन बाप. बाबांचं नाव घेशील तेव्हा जरा मोठ्याने घे.