दहाव्याचा फोन

लिमरिक, आयर्लंड, रविवार

हृषीदादा,

बाबांच्या दहाव्याला हॉस्पिटलने रजा दिली नाही, असं मी तुला सांगितलं होतं. रजा होती. मी आकाशबरोबर सुट्टीवर बालीला गेले होते. बाबा गेल्याचं तिथंच कळलं. आता जाऊन काय करायचं, असं वाटलं आणि मी राहिले.

घाटावर तासभर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू फोन केलास. "तिकडे पहाट असेल, पण बाबांशी बोल. तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा." लाटांचा आवाज कसला म्हणून विचारलंस, तर मी म्हटलं, इथला पाऊस. मग तू फोन पिंडाजवळ धरलास आणि मी म्हणाले, "बाबा, रजा नाही हो मिळाली."

समोर हॉटेलातली बाई उंबऱ्यावर पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवत होती. ती वळते न वळते तोच पाखरं उतरली.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. बाबा रुचासाठी थांबले होते, असं तू अजून सगळ्यांना सांगतोस.

थांबले असतील, दादा. पण मी त्यांच्याशीही खोटं बोलले, आणि त्यानंतरही कावळा आला नाही.

हे पाकिटात घालायची हिंमत नसलेली,
रुचा